ऑक्सिजन ९८ आहे, पण कार्बन डायऑक्साइड किती?

आयसीयूच्या दारात उभ्या असलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, ऑक्सिजन किती आहे?" आतून उत्तर येते, "अठ्ठ्याण्णव आहे काका, काळजी करू नका." काकांचा जीव भांड्यात पडतो आणि ते घरी फोन करून कळवतात, "ऑक्सिजन चांगला आहे." कोविडच्या काळाने हा आकडा घराघरात पोहोचवला. बोटाला चिमटा लावायचा, ९४ च्या खाली गेला की धावपळ करायची, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

हा आकडा उपयोगाचा आहे, यात वाद नाही. पण रुग्ण व्हेंटिलेटरवर असेल तर तो अर्धाच हिशेब सांगतो. उरलेला अर्धा हिशेब कार्बन डायऑक्साइडचा असतो, आणि तो आपल्याकडच्या अनेक आयसीयूंमध्ये सतत मोजलाच जात नाही. मॉनिटरवर त्यासाठी जागा असते, पण तिथे आकड्याऐवजी दोन आडव्या रेघा दिसतात, कारण सेन्सर जोडलेला नसतो. तो एक तर विकत घेतलेला नसतो, किंवा ऑपरेशन थिएटरच्या कपाटात असतो.

या लेखात मला एकच मुद्दा मांडायचा आहे. ज्या रुग्णाच्या श्वासनलिकेत ट्यूब आहे, त्याच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सतत आणि आलेखासह मोजला गेलाच पाहिजे. रुग्ण ऑपरेशन थिएटरमध्ये असो, आयसीयूत असो, सीटी स्कॅनला नेताना असो की रुग्णवाहिकेत असो. ही चैन नाही. हे नसताना व्हेंटिलेटर चालवणे म्हणजे स्पीडोमीटर बंद असलेली एसटी रात्री घाटातून नेण्यासारखे आहे. चालक अनुभवी असेल तर बहुतेक वेळा गाडी सुखरूप पोहोचेल. पण म्हणून तशी गाडी आगारातून बाहेर काढायची नसते.

श्वासाची दोन कामे

आपण श्वास घेतो तेव्हा दोन कामे एकाच वेळी चाललेली असतात. हवेतला ऑक्सिजन रक्तात जातो आणि शरीरात तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. दोन्ही कामे फुप्फुसातच होतात, म्हणून एक नीट चालले असेल तर दुसरेही चालले असणार, असे आपल्याला वाटते. निरोगी माणूस साध्या हवेत श्वास घेत असेल तर हे बरेचसे खरेही असते.

रुग्णाला जादा ऑक्सिजन सुरू केला की मात्र दोन्ही कामांची फारकत होते. ऑक्सिजन रक्तात पोहोचवण्यासाठी तो फुप्फुसात भरपूर असला म्हणजे बऱ्याच अंशी भागते. कार्बन डायऑक्साइड बाहेर काढण्यासाठी मात्र हवा आतबाहेर व्हावीच लागते. श्वास उथळ झाला, मंद झाला किंवा थांबला, तरी पुरवलेल्या ऑक्सिजनच्या जोरावर पहिले काम काही काळ चालू राहते. दुसरे काम त्याच क्षणी बंद पडते.

याचे जवळजवळ अविश्वसनीय वाटावे असे उदाहरण १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ फ्रुमिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या ८ रुग्णांना आधी भरपूर शुद्ध ऑक्सिजन दिला, मग त्यांचा श्वास पूर्ण थांबवला आणि ट्यूबमधून फक्त ऑक्सिजनचा पुरवठा चालू ठेवला. कोणाचा श्वास १८ मिनिटे बंद होता, तर कोणाचा ५५ मिनिटांपर्यंत. या सर्व वेळात कोणाच्याही रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी ९८ च्या खाली गेली नाही. कार्बन डायऑक्साइडची पातळी मात्र एका रुग्णात २५० मिलिमीटर पारा इथवर चढली. निरोगी माणसात ती ३५ ते ४५ असते.

म्हणजे एकही श्वास न घेणाऱ्या माणसाच्या बोटाला चिमटा लावला असता, तर मॉनिटरने ९८ दाखवले असते, आणि बाहेर बसलेल्या काकांना आपण म्हणालो असतो, "काळजी करू नका."

व्हेंटिलेटर हे नावच मुळात हवा खेळवणारे यंत्र असे सांगते. हवा आतबाहेर करणे हे त्याचे मुख्य काम आहे, आणि ते काम नीट होते आहे की नाही हे कार्बन डायऑक्साइड सांगतो. ज्या कामासाठी लाखो रुपयांचे यंत्र लावले, त्या कामाचे मोजमाप करायचे नाही, हा कुठला हिशेब?

चिमटा काय सांगतो आणि काय सांगत नाही

पल्स ऑक्सिमीटरमागचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास शोधले. बोटातून दोन प्रकारचा प्रकाश जातो, एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर होणाऱ्या बदलावरून यंत्र टक्केवारी काढते. सुई न टोचता, सेकंदासेकंदाला रक्तातल्या ऑक्सिजनचा अंदाज देणाऱ्या या शोधाने असंख्य जीव वाचवले आहेत. माझी तक्रार चिमट्याविरुद्ध नाही. त्याच्यावर आपण जो भार टाकला आहे त्याविरुद्ध आहे.

त्याच्या मर्यादा पाहा.

एक, तो उशिरा बोलतो. ट्यूब टाकण्याआधी रुग्णाला शुद्ध ऑक्सिजन दिलेला असतो. फुप्फुसात साठा झालेला असल्यामुळे निरोगी प्रौढ माणसाचा श्वास बंद झाला तरी टक्केवारी ९० पर्यंत उतरायला ८ मिनिटे लागू शकतात. लठ्ठ किंवा गंभीर आजारी माणसात हा वेळ बराच कमी असतो, पण तिथेही पहिली एकदोन मिनिटे आकडा छान दिसू शकतो. ट्यूब चुकीच्या जागी गेली असेल, तर हीच मिनिटे मोलाची असतात. चिमट्याने धोक्याची घंटा वाजवेपर्यंत हातातला वेळ संपत आलेला असतो.

दोन, तो खोटे समाधान देऊ शकतो. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झालेला रुग्ण आणला, तर चिमटा बहुधा ९८ किंवा १०० दाखवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या चिमट्याला कळत नाही. रक्तदाब फार कमी असेल, हात गार पडले असतील, नखांवर गडद रंग असेल, तरीही आकडा बिघडतो.

तीन, त्वचेचा रंग. २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांतल्या नोंदींवरून एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चिमट्यावर ९२ ते ९६ दिसत असताना प्रत्यक्ष धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ टक्क्यांहून कमी असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के, म्हणजे जवळपास तिप्पट आढळले. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या माणसांच्या देशात हे वाचून आपण जास्त सावध व्हायला हवे.

चार, वरच्या टोकाला तो आंधळा असतो. धमनीतला ऑक्सिजनचा दाब १०० असो की ४००, चिमटा दोन्ही वेळा ९९-१०० च म्हणणार. आणि "शंभर आहे, उत्तम आहे" असे म्हणत अनेक ठिकाणी गरज नसताना ऑक्सिजन जोरात चालू ठेवला जातो. बहुतेक रुग्णांसाठी ९४ ते ९८ पुरते. वर्षानुवर्षे चुलीच्या धुराने किंवा विडीने फुप्फुसे खराब झालेल्या, कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या रुग्णांसाठी तर ८८ ते ९२ हेच लक्ष्य योग्य मानले जाते. अशा आजीबाईंना जादा ऑक्सिजन देऊन आकडा शंभरावर नेला, तर त्यांचा कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि त्या हळूहळू गुंगीत जातात. नातेवाइकांना वाटते, "बरे वाटते आहे म्हणून शांत झोपली."

आयसीयूचा जन्मच या वायूपायी झाला

आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो त्याची कथा १९५२ च्या कोपनहेगनपासून सुरू होते. डेन्मार्कच्या या राजधानीत पोलिओची भयंकर साथ आली होती. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते. त्या काळची छातीभोवती बसवायची यंत्रे लावूनही पहिल्या तीन आठवड्यांत अशा ३१ रुग्णांपैकी २७ दगावले.

ऑक्सिजन दिला जात असल्यामुळे रुग्ण निळे पडत नव्हते. त्यांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेले दिसत होते. डॉक्टरांनी त्याचा अर्थ काढला की रक्तात कसलीतरी अल्कली वाढली आहे. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावले गेले तेव्हा त्याने वेगळा अर्थ लावला: हे रुग्ण ऑक्सिजनच्या कमतरतेने मरत नाहीत, कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकता येत नाही म्हणून मरत आहेत. त्याने एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन ट्यूब घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास दिला. मुलगी सावरली. त्यानंतर सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्महिने, रात्रंदिवस हाताने पिशव्या दाबल्या. मृत्यूचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून निम्म्याच्याही खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेनने कोपनहेगनमध्ये सुरू केलेला विभाग जगातला पहिला आयसीयू मानला जातो.

सत्तर वर्षांपूर्वी कार्बन डायऑक्साइड ओळखला म्हणून आयसीयू जन्माला आला. आज त्याच आयसीयूत तो मोजायला आपल्याला सवड नाही.

कॅप्नोग्राफ: बाहेर पडणाऱ्या श्वासाची साक्ष

कॅप्नोग्राफचे तत्त्व सोपे आहे. कार्बन डायऑक्साइड विशिष्ट तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतो. ट्यूब आणि व्हेंटिलेटर यांच्या सांध्यावर छोटा सेन्सर बसवतात किंवा तिथून बारीक नळीने हवेचा नमुना यंत्रात ओढतात. प्रत्येक उच्छ्वासात पडद्यावर एक सपाट माथ्याचा उंचवटा उमटतो आणि श्वास आत जाताना रेघ शून्यावर येते. उंचवट्याच्या शेवटचा आकडा म्हणजे ईटीसीओ२. फुप्फुसे बरी असतील तर तो धमनीतल्या पातळीपेक्षा २ ते ५ ने कमी असतो.

या एका आलेखातून काय काय कळते ते पाहू.

*ट्यूब कुठे आहे.* श्वासनलिका आणि अन्ननलिका शेजारी शेजारी आहेत. घाईत, रक्तस्रावात, सुजलेल्या घशात ट्यूब अन्ननलिकेत जाणे हे निष्णात हातांकडूनही घडते. ट्यूब तिथे गेली हा गुन्हा नाही, ती तिथेच राहिली हे मात्र जीवघेणे. स्टेथोस्कोपने ऐकले तर पोटातल्या हवेचा आवाज छातीत ऐकू येऊन फसवू शकतो. ट्यूबमध्ये वाफ दिसली म्हणून निश्चिंत होता येत नाही, कारण अन्ननलिकेतल्या ट्यूबमध्येही वाफ धरू शकते. अन्ननलिकेतून सलग श्वासामागून श्वास कार्बन डायऑक्साइड मात्र येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी याची नेमकी कसोटी दिली आहे: किमान ७ श्वास सलग, उंचवटा तळापासून किमान ७.५ मिलिमीटर पारा वर. ते दिसले नाही तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असेच आधी समजायचे आणि ती काढायची, जोवर ते धोक्याचे आहे असे सांगणारे ठोस कारण नाही. ब्रिटनच्या भूलतज्ज्ञांच्या महाविद्यालयाने हेच घोषवाक्यात सांगितले: आलेख नाही, म्हणजे जागा चुकली.

*ट्यूब निघाली किंवा नळी सुटली का.* रुग्णाला अंग पुसायला कुशीवर वळवले, बेड बदलला, सीटीला नेले, लिफ्टमध्ये स्ट्रेचर अडकले. ट्यूब सरकते ती अशाच वेळी. आलेख पुढच्याच श्वासाला सपाट होतो. चिमटा त्यानंतर काही मिनिटांनी कुरकुरतो.

*हवा किती खेळते आहे.* दम्याच्या रुग्णात उंचवट्याचा माथा सपाट न राहता माशाच्या परासारखा तिरका होतो, म्हणजे हवा अडखळत बाहेर पडते आहे. औषधाने फरक पडला की आकार सुधारतो.

*मेंदूला रक्त किती मिळते आहे.* दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण आपल्याकडच्या आयसीयूत नेहमीच असतो. कार्बन डायऑक्साइड दर १ मिलिमीटरने उतरला की मेंदूचा रक्तपुरवठा साधारण ३ टक्क्यांनी घटतो. रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेताना काळजीपोटी अंबू बॅग भराभर दाबली जाते. मिनिटाला दहा-बाराच्या जागी पंचवीस-तीस वेळा. चिमटा शंभर दाखवतो, सगळे समाधानी, आणि आधीच दुखावलेल्या मेंदूची रक्तवाहिनी आवळत जाते. कॅप्नोग्राफ असता तर बॅग दाबणाऱ्याला पडद्यावरच दिसले असते, "हळू."

*हृदय बंद पडले असताना.* छाती दाबली जात असताना ईटीसीओ२ १० च्या खाली राहत असेल तर दाबणे पुरेसे जोरात होत नाही, माणूस बदला, असा त्याचा अर्थ. तो एकदम वाढून ३५-४० वर गेला, तर हृदय पुन्हा सुरू झाल्याची ती पहिली खूण असू शकते, नाडी हाताला लागण्याच्याही आधी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१० पासून ट्यूबची जागा तपासायला आणि तिच्यावर लक्ष ठेवायला आलेखासह कॅप्नोग्राफ वापरण्याची सर्वांत ठाम शिफारस केली आहे.

एकाच इमारतीत दोन नियम

आता माझा खरा आक्षेप. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या ठणठणीत माणसाला पूर्ण भूल दिली, तर त्याच्या ट्यूबला कॅप्नोग्राफ जोडलेला असतो. शेजारी सर्व वेळ भूलतज्ज्ञ बसलेला असतो. त्याच रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर न्यूमोनिया झालेला, रक्तदाबाच्या औषधांवर असलेला माणूस दहा दिवस व्हेंटिलेटरवर असतो. एका सिस्टरकडे तीन-चार रुग्ण असतात. रात्रपाळीला एखादा तरुण निवासी डॉक्टर असतो. आणि तिथे कॅप्नोग्राफ नसतो. निरोगी माणसाला एक तास जे संरक्षण, ते अत्यवस्थ माणसाला दहा दिवस नाही. यामागचे वैद्यकीय कारण मला आजवर कोणी सांगितलेले नाही. तसे कारण नाहीच.

याची किंमत ब्रिटनने मोजून पाहिली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांतून वर्षभर श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटनांची नोंद गोळा केली गेली. 'नॅप ४' या नावाने तो अहवाल २०११ मध्ये आला. भूल देताना झालेल्या दुर्घटनांपैकी १४ टक्के घटनांत मृत्यू किंवा मेंदूला कायमची इजा झाली होती. आयसीयूतल्या दुर्घटनांत हे प्रमाण ६१ टक्के होते. आणि आयसीयूतल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंमध्ये कॅप्नोग्राफ न वापरणे हा बहुधा हातभार लावणारा घटक होता, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. हे त्या देशाने स्वतःच्या रुग्णालयांबद्दल लिहून छापले. आपल्याकडे अशी नोंद होत नाही, म्हणून असे मृत्यू होत नाहीत असे मानायचे का? आपल्या कागदावर 'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' एवढेच लिहिलेले असते.

ठरलेले आक्षेप

"आम्ही एबीजी करतो ना." धमनीतल्या रक्तवायूंची तपासणी हवीच, तिला पर्याय नाही. पण ती एका क्षणाचे छायाचित्र आहे. सकाळी सहाला केलेली एबीजी उत्तम होती आणि सव्वासहाला ट्यूब निघाली, तर त्या कागदाचा उपयोग काय? शिवाय कॅप्नोग्राफ असेल तर पुढची एबीजी केव्हा करायची याचा अंदाज येतो आणि काही वेळा सुई टोचणे टळते.

"आजारी फुप्फुसात ईटीसीओ२ चा आकडा खरा नसतो." हे बरोबर आहे. शॉकमध्ये, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असताना किंवा फुप्फुसे फार खराब असताना तो धमनीतल्या पातळीपेक्षा बराच कमी दिसतो. म्हणून त्याची एबीजीशी सांगड घालायची. दोन आकड्यांतले अंतर अचानक वाढले, तर तीही एक बातमीच असते. फुप्फुसांना इजा होऊ नये म्हणून कधी कधी आम्ही जाणूनबुजून कार्बन डायऑक्साइड थोडा वाढू देतो. वाढू द्यायचा तरी किती वाढला हे कळायला नको का? आणि ट्यूब जागेवर आहे की नाही यासाठी आकडा तंतोतंत असण्याची गरजच नसते, आलेख असला म्हणजे झाले.

"व्हेंटिलेटरला अलार्म असतातच." असतात. पण दिवसभर कशानेही वाजणारे अलार्म कोणी कसे लावून ठेवले आहेत, कोणी बंद केले आहेत, हे आयसीयूत काम केलेल्या कोणालाही विचारा. दाब आणि हवेचे माप यंत्राची बाजू सांगते. कार्बन डायऑक्साइड रुग्णाच्या शरीरातून येतो. साक्षीदार म्हणून दुसरा अधिक भरवशाचा.

"नळीत पाणी साचते, सेन्सर बिघडतो." बिघडतो. व्हेंटिलेटरच्या नळ्यांतही पाणी साचते, म्हणून आपण व्हेंटिलेटर लावायचे सोडत नाही. नळी बदलणे, पाणी अडवणारा फिल्टर पाहणे ही पाळी सुरू होताना करायची दोन मिनिटांची कामे आहेत.

"खर्च परवडत नाही." हा एकच आक्षेप ऐकून घेण्यासारखा आहे, विशेषतः तालुक्याच्या गावातल्या आठ-दहा खाटांच्या रुग्णालयासाठी. पण व्हेंटिलेटरच्या किमतीपुढे हे उपकरण लहान आहे. ज्याला व्हेंटिलेटर परवडतो त्याला त्याचा डोळा परवडत नाही, हे मला पटत नाही. सगळ्या खाटांना एकदम जमत नसेल, तर निदान ट्यूब टाकताना आणि रुग्ण हलवताना वापरायला एक हातात मावणारे यंत्र तरी हवेच. गरीब देशांतल्या ऑपरेशन थिएटरना पल्स ऑक्सिमीटर पुरवण्यासाठी २०११ मध्ये 'लाइफबॉक्स' ही संस्था उभी राहिली. तिचे एक संस्थापक शल्यविशारद अतुल गावंडे, ज्यांचे घराणे मूळचे आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. चिमटे जगभर पोहोचवल्यावर या संस्थेने पुढचे काम हाती घेतले ते परवडणाऱ्या कॅप्नोग्राफचे. चिमटा ही पहिली पायरी होती. आपण तिच्यावरच बसून राहिलो.

मग काय व्हायला हवे

रुग्णालयांनी आपल्यासाठी तीन नियम करावेत. आलेख दिसल्याशिवाय ट्यूब बरोबर जागी आहे असे केसपेपरवर लिहायचे नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या तक्त्यात दर तासाला एसपीओ२ शेजारी ईटीसीओ२ चा रकाना असायचा. आणि कॅप्नोग्राफशिवाय ट्यूब असलेला रुग्ण आयसीयूच्या बाहेर, अगदी एक्स-रेसाठीही, न्यायचा नाही. आलेख सपाट झाला तर ओरडून सांगण्याचा अधिकार सर्वांत ज्युनिअर सिस्टरलाही हवा, आणि तिने ओरडल्यावर "मशीन बिघडले असेल" हे पहिले उत्तर नसावे. आधी रुग्ण पाहायचा, मग मशीन.

सरकारने आणि रुग्णालयांना मान्यता देणाऱ्यांनी व्हेंटिलेटरच्या खाटा मोजताना कॅप्नोग्राफ जोडलेल्या खाटा मोजाव्यात. कोविडमध्ये आपण व्हेंटिलेटरच्या संख्येच्या बातम्या वाचल्या. त्यातले किती माणसांसह, ऑक्सिजनच्या दाबासह आणि मोजमापासह चालवण्याजोगे होते, हा प्रश्न मागे पडला. पुढच्या खरेदीच्या निविदेत ही एक ओळ असायला काय हरकत आहे? रुग्णवाहिकांनाही हाच नियम लावावा, कारण ट्यूब सरकण्याचा सर्वाधिक धोका खड्ड्यांच्या रस्त्यावर असतो.

आणि तुम्ही, नातेवाइकांनी? आरडाओरडा करून, आत घुसून, मॉनिटरकडे बोट दाखवून काही साधत नाही. उलट रुग्णापाशी असायला हवा तो डॉक्टर तुमच्याशी वाद घालण्यात अडकतो. भेटीच्या ठरलेल्या वेळी शांतपणे तीन प्रश्न विचारा.

१. रुग्णाला कॅप्नोग्राफ जोडला आहे का?
२. शेवटच्या एबीजीत कार्बन डायऑक्साइड किती होता, आणि तो तेवढा असणे तुम्हाला अपेक्षित आहे का?
३. स्कॅनला किंवा दुसऱ्या रुग्णालयात नेताना कॅप्नोग्राफ सोबत असेल का?

आकडा ऐकून घाबरू नका, इंटरनेटवर ताडून पाहू नका. ५५ हा आकडा एका रुग्णासाठी धोक्याचा आणि दुसऱ्यासाठी ठरवून ठेवलेला असू शकतो. तो अर्थ लावणे तुमच्या डॉक्टरांचे काम आहे. तुमचे काम एवढेच की त्यांनी तो मोजला आहे ना, हे विचारायचे.

रुग्णालये उपकरणे कशी घेतात हे मी जवळून पाहिले आहे. मार्गदर्शक सूचना येतात, परिषदांत भाषणे होतात, आणि खरेदीची फाइल पुढच्या वर्षावर जाते. पण दारातल्या दहा नातेवाइकांनी एका महिन्यात हाच प्रश्न विचारला, तर व्यवस्थापनाची बैठक त्याच महिन्यात होते. कोविडमध्ये तुम्ही ऑक्सिजन विचारायला शिकलात आणि त्यामुळे अनेक रुग्ण वेळेत रुग्णालयात पोहोचले. आता त्याच्यापुढचा प्रश्न विचारा. "ऑक्सिजन ९८ आहे, छान. कार्बन डायऑक्साइड किती आहे, डॉक्टर?"